पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये १०८ अंश! स्पोर्ट बाईकचं नॉर्मल तापमान नेमकं किती?

म्हापसा_ते_वेर्णा (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. रोज म्हापशाहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बाईकने जातो, एका बाजूचं अंतर साधारण पस्तीस किलोमीटर. गाडी ३०० सीसीच्या आसपासची, फेअरिंगवाली (इंजिनाभोवती प्लास्टिकचं आवरण असलेली), लिक्विड कूल्ड (इंजिनाभोवती द्रव फिरवून थंड होणारी), दोन सिलिंडरची. तीन वर्षं झाली, २६ हजार किमी चालली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न कुठल्याही फेअरिंगवाल्या गाडीला लागू होईल असा आहे.

मीटरवर कूलंटचं, म्हणजे त्या द्रवाचं, तापमान आकड्यात दिसतं. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे रोज पंधरा-वीस मिनिटं जातात. आकडा १०६, १०७, परवा १०८ झाला. फॅन सतत चालू. मांड्या अक्षरशः भाजतात. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्यामुळे आम्हाला जुना पूलच, आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "नॉर्मल आहे, सगळ्यांचंच होतं." ऑफिसमधला मित्र म्हणतो, शंभरच्या वर गेलं की इंजिन संपलं म्हणून समज. कुणाचं खरं मानू? ही गाडी मी तीन वर्षं पैसे साठवून घेतली आहे. ती माझ्या अज्ञानामुळे खराब व्हावी असं वाटत नाही.

---

चोर्ला_घाट (९:३१)

घाबरू नकोस. फॅन लागतोय ना? मग १०८ पर्यंत ठीक. माझी सिंगल सिलिंडर पण उभ्या ट्रॅफिकमध्ये १०५ च्या घरात जाते. पुलावर चढून वारा लागला की दोन मिनिटांत खाली.

---

वऱ्हाडी_वास्कोत (९:४४)

मी मूळचा नागपूरचा, आता वास्कोला. मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला बाहेर ४५ असताना माझ्या गाडीने ११० दाखवलंय. सहा वर्षं झाली, इंजिन अजून उघडलेलं नाही. गोव्यात ३४-३५ च्या वर क्वचितच जातं. तुमच्या रेडिएटरला इथे सुट्टीच आहे म्हणा.

---

सासष्टीकार (१०:०२)

एक बाळबोध शंका. पाणी १०० ला उकळतं. मग १०८ अंशांचं कूलंट रेडिएटरमध्ये उकळत नाही का? आणि उकळत असेल तर ते "नॉर्मल" कसं?

---

फोंडेकरीण (१०:४०)

सासष्टीकार, शंका अजिबात बाळबोध नाही. धाग्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मी डिप्लोमाच्या मुलांना थर्मल शिकवते, दरवर्षी पहिल्या तासाला हाच प्रश्न येतो.

घरचा कुकर डोळ्यांसमोर आणा. उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जात नाही. कुकरची शिटी वाफ अडवते, आतला दाब वाढतो, आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं. म्हणून तूरडाळ पाच-सहा शिट्यांत शिजते. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. त्यात स्प्रिंग असते. बहुतेक बाईकच्या झाकणावर १.१ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त दाब होईपर्यंत ते धरून ठेवतं. साधं पाणीसुद्धा एवढ्या दाबाखाली १२० ओलांडल्यावरच उकळेल. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर उघड्यावरच उकळबिंदू १०६-१०७ होतो, आणि झाकणाखाली १२५ च्याही पुढे जातो.

म्हणजे १०८ ला उकळी फुटायला बरंच अंतर आहे. पण हे गणित झाकण धड असेल तरच. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर १०८ लाच बुडबुडे सुरू होतील आणि कूलंट रिझर्व्ह टाकीत फेकलं जाईल. म्हणून रिझर्व्ह टाकीची पातळी गाडी थंड असताना, सरळ उभी करून, महिन्यातून एकदा तरी बघावी.

आता नॉर्मल किती? लिक्विड कूल्ड बाईकचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, मॉडेलप्रमाणे सत्तरीच्या शेवटी किंवा ऐंशीच्या सुरुवातीला उघडायला लागतो. मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९५, ट्रॅफिकमध्ये १०० ते १०५, फॅन साधारण शंभरीच्या आसपास सुरू. ११५-१२० च्या पुढे लाल दिवा. तुमच्या मॉडेलचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. मीटरजवळच्या स्टिकरवर नसतात.

---

सासष्टीकार (१०:५२)

कुकरचं उदाहरण डोक्यात बसलं ते आता निघणार नाही. देव बरें करूं, ताई.

---

आरएक्स_प्रेमी (मंगळवार, सकाळी ७:१५)

तुम्ही लोक आकड्यांना फार भिता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माझ्याकडे १९९१ ची आरएक्स १०० आहे, अजून चालते. त्यात ना कूलंट, ना फॅन, ना सेन्सर. इंजिनाच्या वासावरून आणि आवाजावरून कळायचं. आकडा दिसत नव्हता तेव्हा कुणाची झोप उडत नव्हती.

तापण्याची खरी भीती कुठे होती सांगतो. अनमोड घाट उतरताना. चढताना सगळे जपायचे, उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडून द्यायचे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचा पंप थ्रॉटलला जोडलेला. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइल कमी, आणि इंजिन मात्र उतारामुळे जोरात फिरतंय. मोल्याला पोचायच्या आधी पिस्टन सीझ, म्हणजे जागीच जाम, मागचं चाक लॉक. असं १९९४ साली माझ्या मित्राचं झालं, गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून मी उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल देतो. आजच्या फोर-स्ट्रोकला त्याची गरज नाही हे ठाऊक आहे, पण हात ऐकत नाही.

---

मीठवारा (८:०५)

कांदोळी. माझा प्रश्न इंजिनाबद्दल कमी आणि मांड्यांबद्दल जास्त. बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या, जास्त तापतात असं सगळे म्हणतात. खरं आहे का? कार्गो पँटवर ऑफिसला जाणं अशक्य झालंय.

---

चोर्ला_घाट (८:२०)

@मीठवारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग. तो इंजिनाच्या जवळ बसवावा लागतो, कारण तापल्याशिवाय काम करत नाही. तुमच्या पायाजवळ एक छोटी भट्टीच आहे ती. शिवाय फेअरिंगच्या ज्या फटींतून फॅन गरम हवा बाहेर टाकतो, त्या बऱ्याच गाड्यांत थेट गुडघ्याच्या रोखाने. आकडा वाढला म्हणून पाय भाजतो असं नसतं, फॅन लागला म्हणून भाजतो. फॅन नीट चालतोय याचा तो पुरावा धरा.

जाड रायडिंग पँट घाला. उन्हाळ्यात उलटं वाटतं, पण जाड कापड ती झळ अडवतं. सुती पातळ पँट अडवत नाही.

---

मीठवारा (८:३१)

आणि घाम? इथे घाम सुकतच नाही. मे महिन्यात रायडिंग पँटच्या आत तलाव होतो.

---

फोंडेकरीण (८:५५)

मीठवारा, हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि लोक नेहमी गल्लत करतात. दमट हवेत माणूस तापतो, कारण माणसाचं शरीर घाम सुकवून थंड होतं. रेडिएटर घाम सुकवत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं आणि वाऱ्याचा वेग कळतो. कूलंट ९५ आणि हवा ३४, म्हणजे ६१ अंशांचा फरक. नागपुरात ४५ असेल तर फरक ५०. रेडिएटर बाहेर टाकणारी उष्णता जवळजवळ या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणून वऱ्हाडी यांचं निरीक्षण बरोबर आहे. गोव्याच्या मे महिन्यात चालवणारा बेजार, पण रेडिएटरवर विदर्भापेक्षा ताण कमी.

---

पायलटाचो_पूत (दुपारी १:२०)

माझे बाबा म्हापसा स्टँडवर मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले. पिवळ्या मडगार्डची गाडी, १०० सीसी, एअर कूल्ड. मी शाळेत असल्यापासून चालवतात. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तीन-तीन तास गर्दीत असतात. त्यांचा नियम एकच: अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. पेट्रोल वाचतं आणि इंजिन थंड राहतं. म्हापसा_ते_वेर्णा, तू पण पर्वरीला बंद कर की रे.

---

गॅरेज_मडगाव (दुपारी ३:०५)

सकाळपासून वाचतोय, हात काळे होते म्हणून आत्ता लिहितो. बावीस वर्षं झाली गॅरेज चालवतो.

पायलट बाबांचा नियम एअर कूल्डसाठी बरोबर. लिक्विड कूल्डमध्ये थोडं वेगळं आहे. इंजिन बंद केलं की वॉटर पंप पण बंद. कूलंट जिथे आहे तिथेच थांबतं. पण सिलिंडर हेडचं धातू कूलंटपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, ती उष्णता आता उभ्या पाण्यात उतरते. म्हणून १०६ ला बंद केलेली गाडी दोन मिनिटांनी सुरू केली तर मीटर ११० सुद्धा दाखवतो, आणि गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. ती वाढ साहजिक आहे, चालू केल्यावर लगेच उतरते.

माझा सल्ला: मिनिटभराचा सिग्नल असेल तर चालू राहू दे, पंप आणि फॅनला काम करू दे. चार-पाच मिनिटं हलणारच नाही अशी खात्री असेल तर बंद कर. तुझ्या मॉडेलमध्ये चावी ऑन असताना इंजिन बंद करूनही फॅन फिरत असेल तर किल स्विच वापर, पण हेडलाइट पण चालू राहतो, बॅटरी बघून. आणि हाफ क्लचवर रेंगाळू नकोस. क्लच प्लेट घासल्याची उष्णता इंजिन ऑइलमध्येच जाते, कारण बहुतेक बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गरम गाडीचं रेडिएटर कॅप कुणीही उघडू नये. ताईंनी कुकर म्हटलं ते अगदी बरोबर. शिटी न काढता कुकरचं झाकण उघडल्यासारखं आहे ते. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या मुलाने पहिल्या आठवड्यात उघडलं. मी हाक मारेपर्यंत उशीर झाला होता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. तो बरा झाला, आज स्वतःचं गॅरेज आहे त्याचं, पण ते ओरडणं मी विसरलो नाही.

---

ट्रॅक_आणि_टायर (सायंकाळी ६:१०)

वेगळा मुद्दा. चेन्नई आणि कोईम्बतूरच्या ट्रॅकवर जाऊन आलेलो आहे. रेसिंगमध्ये ग्लायकॉल बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण सांडलं तर ट्रॅक बुळबुळीत होतो आणि मागून येणारा पडतो. आम्ही डिस्टिल्ड वॉटर आणि गंज न येण्याचं ॲडिटिव्ह वापरतो. पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. ग्लायकॉल पाणी गोठू नये म्हणून घालतात. गोव्यात बर्फ पडत नाही, मग ५०:५० कशाला? साधं पाणी टाका, आकडा उतरेल.

---

फोंडेकरीण (६:४५)

इथे मी असहमत. पाणी जास्त उष्णता नेतं हे खरं. पण रस्त्यावरच्या गाडीला कूलंट तीन कामांसाठी हवं: उकळबिंदू वर नेणं, ॲल्युमिनियमला गंजू न देणं, आणि पंपाच्या सीलला जपणं. ट्रॅकवरचा माणूस दर काही आठवड्यांनी पाणी बदलतो. रोज ऑफिसला जाणारा दोन वर्षं बघतसुद्धा नाही. तुमचं ॲडिटिव्ह संपलं की आतून पांढरा थर धरायला सुरुवात. ५०:५० ऐवजी ग्लायकॉल थोडं कमी ठेवा म्हणालात तर मी वाद घालणार नाही. निव्वळ पाणी नको.

---

ट्रॅक_आणि_टायर (६:५८)

ॲडिटिव्ह नियमित बदलणाऱ्यालाच जमेल, एवढं मान्य. माझं वाक्य सरसकट होतं.

---

गॅरेज_मडगाव (७:३०)

आणि कृपा करून बोअरचं पाणी नको. विहिरीचं पण नको. एकदा वॉटर पंप उघडला तर आत पाती ओळखू येईनात इतकं साचलं होतं. रस्त्यात अडकलात आणि दुसरं काहीच नसेल तर बाटलीतलं प्यायचं पाणी टाकून घरी या, पण नंतर सगळं काढून नवीन भरा.

---

सावंतवाडी_एक्सप्रेस (८:१५)

सीमेपलीकडून नमस्कार. फॅनचा फ्यूज आणि रिले तपासला का? माझा रिले गेला होता, फक्त ट्रॅफिकमध्ये तापायची. आंबोली चढताना ठणठणीत.

---

म्हापसा_ते_वेर्णा (९:०२)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. फॅन फिरतो, आज हाताने झळ बघितली. रिझर्व्ह टाकी 'लो' च्या थोडी वर. झाकणाचं रबर थंड गाडीवर बघितलं, मऊ आहे. म्हणजे नॉर्मलच समजू ना?

---

फोंडेकरीण (९:२०)

थांबा. एक आकडा तुम्ही दिलाच नाही. मोकळ्या रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, ८० च्या वेगाने पाच-दहा मिनिटं चालवल्यावर मीटर किती दाखवतो? उभ्या गाडीचा आकडा फॅनबद्दल सांगतो, चालत्या गाडीचा रेडिएटरबद्दल.

---

गॅरेज_मडगाव (९:२६)

ताईंनी माझ्या तोंडचं काढलं. आणि पहिल्या पोस्टमध्ये "फॅन सतत चालू" असं लिहिलंय. सतत म्हणजे? लागतो, बंद होतो, परत लागतो असं की एकदा लागला की मांडवी ओलांडेपर्यंत बंदच होत नाही?

---

म्हापसा_ते_वेर्णा (बुधवार, रात्री ८:४८)

आज मुद्दाम ऑफिसनंतर पत्रादेवीच्या दिशेने गेलो. धारगळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. ८० वर दहा मिनिटं. आकडा ९७, कधी ९८. त्याखाली उतरलाच नाही.

मग आठवलं की फोनमध्ये एक जुना व्हिडिओ आहे, दीड वर्षापूर्वीचा. मित्रासोबत त्याच रस्त्यावर डिसेंबरमध्ये काढलेला, मीटर स्पष्ट दिसतो. वेग ८२, तापमान ८४.

आणि गॅरेजकाका, फॅन बंद होत नाही. एकदा लागला की पुलाच्या मध्यावर बंद होतो.

---

वऱ्हाडी_वास्कोत (९:०५)

डिसेंबर आणि मे मधला फरक असेल. हवा गरम, आकडा जास्त.

---

फोंडेकरीण (९:३८)

हवेचा फरक फार तर सात-आठ अंशांचा, आकड्याचा तेरा-चौदाचा. पण त्याहून मोठं कारण म्हणजे थर्मोस्टॅट. रेडिएटरकडे ताकद शिल्लक असते तेव्हा थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहून कूलंटला ८०-८५ वर धरून ठेवतो. बाहेर थंडी वाढली तर तो थोडा मिटतो, ऊन वाढलं तर थोडा जास्त उघडतो. म्हणून धडधाकट गाडीचा हायवेवरचा आकडा डिसेंबरात आणि मे मध्ये जवळजवळ सारखाच असतो. दोन-चार अंश इकडेतिकडे.

९७ वर अडकला याचा अर्थ थर्मोस्टॅट पूर्ण उघडून बसलाय आणि तरी पुरत नाही, किंवा तो पूर्ण उघडतच नाही. दोन्हीपैकी काही असो, रेडिएटरकडे राखीव काही उरलेलं नाही. पर्वरीचे १०८ मी अजूनही धोकादायक म्हणणार नाही. धारगळचे ९७ मात्र मला आवडले नाहीत.

---

गॅरेज_मडगाव (९:५५)

बरोबर. आता क्रम सांगतो, पैसे न घालवता सुरुवात कर.

पहिल्यांदा टॉर्च घेऊन रेडिएटरच्या जाळीतून बघ. फिन्सच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या पात्यांच्या, आरपार उजेड दिसतो का. दिसला तर कूलंट बदल, तीन वर्षं झाली म्हणतोस, एरवीही वेळ आलेलीच आहे. त्यानेही नाही उतरलं तर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघायचा, कितीवर उघडतो आणि किती उघडतो. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथून कूलंटचा ओघळ आहे का ते पण बघ. ओघळ असला तर पंपाचं सील गेलं. ऑइलच्या काचेत दुधी रंग दिसला तर मात्र गाडी चालवू नको, मला फोन कर, हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं.

---

म्हापसा_ते_वेर्णा (गुरुवार, सकाळी ७:०५)

ऑइल स्वच्छ, ओघळ नाही.

टॉर्च लावला. उजेड जवळजवळ दिसतच नाही.

मी दोन वर्षांपूर्वी बारीक भोकांचा रेडिएटर गार्ड बसवून घेतला होता, दगड लागू नये म्हणून. पावसाळ्यात रविवारी डिचोली, साखळी, वाळपईकडे फिरतो, टिपरच्या मागून. गार्ड आणि फिन्सच्या मध्ये लाल माती थापून बसली आहे. विटेसारखी घट्ट. खालच्या अर्ध्या भागात तर काही शिल्लकच नाही. गाडी दर आठवड्याला धुतो, पण फेअरिंगच्या आत कधी बघितलंच नाही. फोटो जोडतो.

---

आरएक्स_प्रेमी (७:३०)

फोटो बघितला. हे मला वासावरून कळलं नसतं, हे मान्य करतो.

---

चोर्ला_घाट (८:१०)

गार्ड काढून टाका असं लगेच कुणी म्हणू नका. मी गार्डशिवाय चोर्ला घाटात गेलो होतो, समोरच्या ट्रकच्या टायरखालून खडी उडाली आणि रेडिएटरला भोक. केरीपर्यंत ढकलत आणली. नवीन रेडिएटरचे पैसे भरताना गार्डची किंमत कळली.

---

मीठवारा (८:४४)

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक. माझ्या रेडिएटरच्या फिन्स मिठाने पांढऱ्या पडून भुसभुशीत झाल्यात, बोट लावलं तर चुरा होतो. हा धागा वाचून आज पहिल्यांदा बघितलं. यावर उपाय आहे का?

---

गॅरेज_मडगाव (दुपारी २:१५)

@मीठवारा चुरा होतोय तिथे परत येणार नाही. बाकीच्या भागाला आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने हलकं धुवा, खासकरून किनाऱ्यावरून आल्यावर. बरंच आयुष्य वाढतं.

@म्हापसा_ते_वेर्णा गार्ड ठेव, पण मोठ्या भोकांचा घे, आणि पावसाळ्यात दर महिन्याला काढून धू. आता साफ करताना: गाडी पूर्ण थंड. गार्ड काढ. माती आधी पाण्याने भिजव आणि अर्धा तास तशीच ठेव, सुकी खरवडू नको. मग मागच्या बाजूने, म्हणजे फॅनच्या बाजूने, बागेच्या पाइपने हळू पाणी सोड, म्हणजे माती आल्या वाटेने बाहेर पडेल. वॉशिंगवाल्याची प्रेशर गन अजिबात नको, फिन्स कागदासारख्या मऊ असतात, एका फटक्यात आडव्या होतात आणि मग हवा कायमची बंद. मऊ ब्रश, उभ्या दिशेने. कूलंट पण याच वेळी बदलून टाक, आणि भरताना गाडी डावी-उजवीकडे हलवून हवा काढ, नाहीतर एअर लॉक होऊन आकडा उगाच नाचेल.

---

सासष्टीकार (३:००)

मी पण टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जाऊन आलो. माझा साफ आहे. पण दोन वाळलेले पतंग आणि एक काजूचं पान निघालं.

---

म्हापसा_ते_वेर्णा (रविवार, रात्री ८:३०)

शनिवारी दिवसभर हेच केलं. माती तीनदा भिजवावी लागली. घमेलंभर लाल पाणी गेलं. कूलंट काढलं ते हिरव्याऐवजी चहासारखं तांबूस निघालं, नवीन भरलं, काकांनी सांगितलं तशी हवा काढली. मोठ्या भोकांचा गार्ड मागवला आहे, तोवर गार्डशिवाय आणि टिपरपासून लांब.

आज धारगळ, ८० वर दहा मिनिटं: ८५. एकदा ८६. बाहेर ३४ अंश होते.

येताना मुद्दाम पर्वरीच्या गर्दीत शिरलो. १०२ ला फॅन लागला, ९६ ला बंद झाला, परत लागला. तो बंद झाल्याचा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. हेल्मेटच्या आत एकटाच ओरडलो. मांड्या अजून तापतात, पण पूर्वीसारख्या सलग नाहीत.

सर्व्हिस सेंटरने १०८ नॉर्मल म्हटलं ते आकड्यापुरतं चूक नव्हतं. मित्राचं मात्र चूकच होतं. पण मला हायवेचा आकडा विचारणारं दोघांपैकी कुणीच नव्हतं. फोंडेकरीण ताई, गॅरेजकाका, देव बरें करूं.

---

फोंडेकरीण (८:५०)

फार बरं वाटलं. तुमचे दोन्ही आकडे, ८५ आणि १०२/९६, तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या गणेशचतुर्थीला पुन्हा तपासा. आणि तुमच्या दोन मीटरचे फोटो, जुना व्हिडिओ आणि आजचा, मी वर्गात दाखवले तर चालेल का?

---

म्हापसा_ते_वेर्णा (८:५३)

नक्की दाखवा. मातीचा फोटो पण दाखवा.

---

पायलटाचो_पूत (सोमवार, सकाळी ६:४०)

हा सगळा धागा काल रात्री बाबांना वाचून दाखवला. त्यांना कूलंट वगैरेशी देणंघेणं नाही, पण लाल मातीचं ऐकून गप्प झाले. आज पहाटे स्टँडवर जायच्या आधी बॅटरी आणि जुना टूथब्रश घेऊन अंगणात बसले होते, सिलिंडरच्या फिन्समधली माती काढत. बरीच निघाली.